जळक्या ऑइलचा सत्कार

सरपंच आण्णासाहेबांनी शिवशंकरच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि गॅरेजच्या दारात टाळ्या वाजल्या. त्याच्या बायकोचे, शिवलीलाचे, हात मात्र जागचे हलले नाहीत. ती सकाळीच परंड्याहून, माहेराहून आली होती. कोपऱ्यातला जळक्या ऑइलचा ड्रम रिकामा दिसला तेव्हा तिला वाटलं, जुनं ऑइल नेणारी सोलापूरची गाडी येऊन घेऊन गेली असेल. खरं काय झालं ते तिला आत्ता भाषणातनं कळत होतं.

"आपल्या शिवशंकरनं ट्रॅक्टरचं समदं जळकं ऑइल पंचायतीला फुकट दिलं," आण्णासाहेब सांगत होते. "डबक्यात टाकलं, डास खलास! गावात डास न्हाय, गॅरेजात घाण न्हाय. ह्याला म्हणत्यात डोकं!"

डोकं म्हणे! अहो, वर्षभर ही बाई नवऱ्याच्या मागं लागली तेव्हा कुठं गॅरेजाची रीत बदलली होती. आधी काय, दर इंजिनाला नवं डिझेल घ्यायचं, त्यात सुटे भाग धुवायचे आणि काळं झालं की मागच्या नालीत ओतून मोकळं व्हायचं. तिनं दोन ट्रे मांडले. पहिल्यांदा मळक्या डिझेलात घासायचं, मग निवळलेल्यात खंगाळायचं. वरचं नितळ पुन्हा वापरायचं, तळचा गाळ झाकणाच्या डब्यात ठेवायचा. घाण निम्म्यावर आली. जळकं ऑइल ड्रमात साठवायचं आणि सोलापूरची परवान्याची गाडी आली की तिच्या हवाली करायचं. पण ड्रम भरल्याशिवाय गाडी यायची नाही, आणि तोवर वास असा सुटायचा की जेवताना घास तोंडातल्या तोंडात फिरावा. शिवलीलाला उमासे यायचे, तरी ती ड्रमला कुणाला हात लावू द्यायची नाही. नवऱ्यानं ती गावाला गेलेली वेळ बरोबर साधली.

"कुठल्या डबक्यात टाकलं?" तिनं विचारलं.

पंचायतीचा गोरोबा दात काढत पुढं झाला. "वहिनी, साहेब म्हणलं व्हतं, समद्या डबक्यांत थोडं थोडं टाक. कोण हिंडत बसतंय उन्हाचं? म्या वड्याकडंच्या मोठ्या डबक्यात ड्रमच पालथा केला. एका फटक्यात काम!"

"तिथं मेंढरं पाणी पित्यात की रे!"

"मेंढरं कवाच माळावर गेली, वहिनी. आता कोण येतंय तिकडं?"

कोण येतंय ते रस्त्यावरनं येतच होतं. म्हाळसाबाई धनगरीण खांद्यावर मेंढी टाकून, धापा टाकत आली आणि सत्काराच्या खुर्च्यांपुढंच तिनं मेंढी खाली ठेवली. शी! काय ती दशा! तोंड डांबरात बुडवल्यासारखं काळं, नाकातून फेस, मागचे पाय हगवणीनं भरलेले. पोट तेवढं टम्म होतं, कारण ती गाभण होती. चार माणसांनी चार रुमाल नाकाला लावले. खुर्च्या मागं सरकल्या.

"बाकीची हाकून काढली म्या," म्हाळसाबाई म्हणाली. "ही तहानेली व्हती, म्होरं पळाली. कुणी वतलं त्ये पाण्यात?"

गोरोबाचे दात आत गेले. "मला साहेबांनी सांगितलं व्हतं, मावशे."

"म्या थोडं थोडं म्हणलो व्हतो," आण्णासाहेब म्हणाले. "आन् ऑइल काय पंचायत गाळती का? गॅरेजचं हाय त्ये."

शिवशंकरनं घसरलेली शाल वर घेतली. "गॅरेजचं व्हतं. देऊन टाकल्यावर माझा काय संबंध?"

शिवलीलानं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला त्याची शिसारी आली. नालीची आली नव्हती एवढी, ड्रमची आली नव्हती एवढी. ह्या माणसाच्या ताटाला ताट लावून आपण जेवतो, असं तिच्या मनात आलं.

म्हाळसाबाईनं तिघांची तोंडं एकेक करून न्याहाळली.

"बरं," ती म्हणाली. "म्हंजी मेंढी तेवढी माझी."

आण्णासाहेबांना फोन आठवला, तो कानाला लावत ते बाजूला झाले. गोरोबा खुर्च्या गोळा करायला लागला. शिवलीला खाली बसली, पदर भिजवून तिनं मेंढीचं तोंड पुसलं. ते काळं काही निघेना, पदर तेवढा काळा झाला. थोड्या वेळानं मेंढीनं मान टाकली. पोटात काहीतरी आणखी जरा वेळ हललं, मग तेही थांबलं. म्हाळसाबाईनं पोटावरचा हात काढला आणि मेंढी पुन्हा खांद्यावर घेतली.

गॅरेज रिकामं झालं. शिवशंकरनं शाल घडी करून ठेवली आणि बायकोकडं न बघता म्हणाला, "उद्या दोन ट्रॅक्टर यायलेत. पंचायत आता ऑइल घ्यायची न्हाय. रातच्याला नालीतच सोडावं लागतंय, कुणाला कळतंय!"

शिवलीलानं ड्रम आडवा केला. ढकलत ढकलत गॅरेजातनं नेला, मागचं अंगण ओलांडलं, घराचा उंबरा चढवला. आतल्या काळ्या थेंबांची रेघ फरशीवर उमटत गेली. स्वयंपाकघरात जिथं दोघांची ताटं मांडायची, त्या भिंतीला लावून तिनं तो उभा केला.

शिवशंकर धावत मागं आला. "अगं, डोकं फिरलं का तुझं? घरात? मरणाचा वास येतोय त्याला!"

"येऊ द्या," ती म्हणाली. "आपलाच हाय."