ड्रमवरचं मेण

जुन्या बसचं घर करताना तळाला जाड फळ्या ठोकल्या, तेव्हा ब्रेकचं पेडल दाबताना त्यांना अडू लागलं. मेकॅनिक दिरांनी ते वर घेतलं. “झालं वहिनी! उद्या पोरांना घेऊन बिनधास्त घाट उतरा.” मी बोटाने पेडल दाबलं. आधी थोडं सैल जायला हवं. ते लगेच घट्ट लागलं. “भाऊजी, पाय काढल्यावर ब्रेक पूर्ण सुटतो ना? घासत राहिला, तर घाटात तापून निकामी होईल.” “तुम्ही साखरही दाणे मोजून घालता वाटतं!” ब्रेकला पाय न लावता मी बसने मैदानाला तीन फेऱ्या मारल्या, उतरले आणि चाकामागच्या ब्रेकच्या ड्रमला न पेटवलेली मेणबत्ती टेकवली. मेण ओघळलं. दिरांचं हसू मावळलं. ते पाना घेऊन बसखाली शिरले, ड्रम निवल्यावर फेऱ्या स्वतःच मारून आले. “आता ठीक?” “माहीत नाही, वहिनी. मेणबत्ती द्या.”