लाल गोळ्या
“किती गोळ्या गेल्या पोटात?” राहात्याच्या डॉक्टरांनी पोट धुवायची नळी काढत विचारलं. दोन वर्षांचा सम्राट माझ्या मांडीवर लालभडक जिभेनं हसत होता. मला या गरोदरपणात नर्सबाईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांचं पाकीट त्याच्या हाती लागलं होतं. तिसातल्या सहा मी घेतल्या, की सात? पाकिटात बाराच उरल्या. कॉलेजात फेरस सल्फेटचं सूत्र घोकलं होतं. किती गोळ्यांनी लेकरू दगावतं, ते नाही. “अकरा… बारा,” मी म्हणाले. डॉक्टरांनी नळी पुढं आणली, तशा सासूबाई आडव्या आल्या. “त्यानं एकच चोखली, डाक्टर. बाकीच्या म्या खाल्ल्या. खुरपताना लई अंधारी येती. पन पोटुशीच्या गोळ्या, मागायची लाज वाटली.” डॉक्टरांनी त्यांची पापणी ओढली, आत पांढरंफटक. “मावशी, उभ्या तरी कशा राहता?” सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी सम्राटला कडेवर घेऊन उठले आणि त्यांना माझ्या जागेवर बसवलं.