मॅडमचं अक्षर

"घ्या मॅडम, तुमचं अक्षर छान आहे," अध्यक्ष म्हणाले आणि इतिवृत्ताची वही सलग अकराव्या वर्षी निवड समितीतल्या एकुलत्या एक बाईसमोर सरकली.

मॅडम रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. अक्षराखेरीज त्यांच्याकडे आणखी काय आहे, हे अकरा वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुखपदासाठी अर्ज दोनच. बाहेर बाकावर बसलेली संशोधक तिसऱ्यांदा आलेली. तिचे शोधनिबंध एकतीस. दुसरा उमेदवार अध्यक्षांचा विद्यार्थी, त्याचे नऊ. तिची वयोमर्यादा याच महिन्यात संपते. आज नाही तर कधीच नाही.

"एकतीस आहेत, कबूल," विभागप्रमुख म्हणाले. "पण मधली दोन वर्षं बाळंतपणात गेली ना!"

"ती दोन वर्षं जाऊनही एकतीस आहेत," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही लिहा हो."

"शिवाय बाई तापट," ज्येष्ठ सदस्यांनी तोंड घातलं. "मागच्या मुलाखतीत मला म्हणाली, सर, तुमचं गणित चुकलंय."

"चुकलं होतं?"

"तो मुद्दा नाही, मॅडम."

अध्यक्ष हसले. "आपला नऊवालाच बरा. शब्दाबाहेर जात नाही. अहो, रात्री यंत्र बंद पडलं तर ही येणार, की पोरांचा अभ्यास घेत बसणार?"

"यंत्र बंद पडलं की आजही तिलाच बोलावतात, सर."

"मग बोलवत राहू की! त्यासाठी प्रमुखपद कशाला हवं?"

तिघेही खो खो हसले. तीन विरुद्ध एक. नऊवाला पक्का झाला.

"इतिवृत्तात काय घालू?" मॅडमनी विचारलं.

"जे झालं ते घाला. दरवर्षी काय वेगळं असतं?"

"यंदा नियम बदललाय. सही झालेली एकेक प्रत दोन्ही उमेदवारांना, एक तक्रार निवारण समितीला. आजच."

"द्या की. आपण काय चोरी करतोय?"

चहा आला. विभागप्रमुखांनी बिस्किट बुडवलं. ज्येष्ठ सदस्यांचा चष्मा गाडीत राहिलेला. "सही कुठे, तेवढं बोट ठेवा," ते म्हणाले.

"एकदा वाचून घेता का, सर?"

"अकरा वर्षांत कधी वाचलंय?" अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. "तुमच्यावर विश्वास आहे."

वरील इतिवृत्त आम्ही वाचले. शब्दन्‌शब्द बरोबर आहे.

(सही) अध्यक्ष
(सही) विभागप्रमुख
(सही) ज्येष्ठ सदस्य