बेचक्यातली सुई

अ‍ॅक्युपंक्चरमध्ये डोकेदुखीची सुई अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात टोचतात. गरोदर बाईला मात्र ती जागा वर्ज्य, म्हणून सुया टोचणाऱ्या ताई प्रत्येकीला आधी विचारून घेत. मागच्या महिन्यात शिवणकाम करणारी एक नेहमीची बाई हसत हात मागे घेत म्हणाली होती, "आता तिथे नको, ताई. नऊ वर्षांनी मुहूर्त लागलाय." ताईंनी तिच्या कार्डावर लाल फुली मारली आणि नुसतं कपाळ दाबून दिलं.

आज ती पुन्हा डोकं धरून आली. लाल फुली पाहून ताईंनी सुयांचा डबा बाजूला सारला.

"कपाळच दाबते. चौथा लागला ना गं?"

तिने हात टेबलावर पालथा ठेवला, अंगठा लांब केला.

"टोचा, ताई. आता चालेल."