पुढच्या गळ्याचा साचा

सुनेच्या छातीतून काढलेली अडीच किलोची गाठ स्टीलच्या ट्रेमध्ये होती. सर्जनने वरचे कापड बाजूला केले, तरी बाईंनी मान वळवली नाही. चाळीस वर्षे शिवणाचा कारखाना एकहाती चालवणाऱ्या बाईंना तोंड फिरवताना कोणी पाहिले नव्हते.

"अशी गाठ क्वचित दिसते," सर्जन म्हणाला. "कर्करोग नाही. पण तिच्या भारानं डावं फुप्फुस गेलं. तेही काढावं लागलं." त्याने छातीची फिल्म उजेडाकडे धरून पांढरा गोल दाखवला. आठ वर्षांपूर्वी खोकल्यासाठी अशीच फिल्म काढल्याचे सुनेने त्याला सांगितले होते. "तेव्हा लिंबाएवढी असेल. सहज निघाली असती."

लग्नालाही आठच वर्षे झाली होती. म्हणजे फिल्म लग्नाआधीचीच; माहेरच्यांनी जाणूनबुजून रोगी मुलगी गळ्यात मारली. टाके निघाले की तिची रवानगी माहेरी, असे बाईंनी मुलाला बजावले. मुलगा नेहमीप्रमाणे स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिला. सुनेच्या भावाने आमच्याकडे फिल्म काढलीच नाही म्हणून शपथ घेतली, तेव्हा बाई म्हणाल्या, पुरावा तुमच्या तोंडावर आणून टाकीन.

दरवर्षी सुनेचे ब्लाउज उसवून देताना त्याच म्हणत असत, बसून खाल्लं की अंग सुटायचंच.

"ती फिल्म कुठं आहे?" त्यांनी खाटेजवळ उभे राहून विचारले.

"सापडायची नाही, आई. नका शोधू."

"घाबरलीस?"

सून श्वास गोळा करत राहिली. "तुम्हालाच त्रास होईल."

माहेरची बाजू राखण्यात पोर पक्की आहे, एवढेच बाईंच्या मनात आले.

टाक्यांमुळे तिला समोरून उघडणारा झगाच चालणार होता. घालवून द्यायची तरी अंगावर कपडा आपल्या हातचा हवा, लोकांना नावे ठेवायला जागा नको, म्हणून बाई स्वतः कापायला बसल्या. कापड बेतायचे कागदाचे साचे चुरगळतात, म्हणून कारखान्यात घरातल्या जुन्या एक्स-रे फिल्मचे साचे कापण्याची त्यांचीच पद्धत. पुढच्या गळ्याचा साचा तर त्यांच्या विशेष मर्जीतला. त्यावर एक पांढरट डाग होता. त्याच्या मधोमध खडू टेकवला की पहिले बटण अचूक बसे.

खडू टेकवताना त्यांचा हात थांबला. त्यांनी साचा खिडकीकडे धरला, सर्जनने धरला होता तसा.

डाग लिंबाएवढा होता. कात्रीतून वाचलेल्या कोपऱ्यात सुनेचे नाव होते, आणि त्यापुढे बाईंचे आडनाव.