आत्यानं ठेवलेलं नाव

"नाव तूच ठेव, आत्याचा मान तुझा. फक्त 'अ'वरून काहीतरी ठेव, म्हणजे अडकणार नाहीस," दादा मायेनंच म्हणाला होता.

मी लहानपणापासून अडखळत बोलते. 'प' तर ओठांतून सुटता सुटत नाही. घरातली माणसं इतकी प्रेमळ, की माझं प्रत्येक वाक्य तीच पूर्ण करून टाकतात.

म्हणून निवडलेलं नाव मी बारशापर्यंत कुणालाही सांगितलं नाही.

पाळण्यावर वाकून मी भाचीच्या कानात कुजबुजले, "पालवी." कुजबुजताना मी कधीच अडखळत नाही. बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. "आता मोठ्यानं सांग गं."

मी सरळ उभी राहिले. "प... प..."

"प्राजक्ता?" काकूनं नेहमीच्या सवयीनं विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं.

"पूर्वा?" दादानं विचारलं. तेही नाही. मग सगळ्यांचे अंदाज संपले. वहिनीच्या हातातली घुगऱ्यांची वाटी तशीच राहिली.

सगळं घर पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत थांबलं होतं. ते नाव फक्त मला आणि पाळण्यातल्या पोरीला ठाऊक होतं, आणि आम्हा दोघींनाही मुळीच घाई नव्हती.