नेलपॉलिशची रेघ

रेघ तुटलेली होती.

सगुणाने बॅटरी जवळ नेऊन पुन्हा पाहिलं. मशीनचं टेबल पुढेमागे सरकवणाऱ्या बॉलस्क्रूवर दोन नट एकमेकांना दाबून बसवलेले होते. परवा ते घट्ट आवळून झाल्यावर तिने दोन्हींवरून नेलपॉलिशची एक लाल रेघ सरळ ओढली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. आता एका नटावरचा तुकडा वर होता, दुसऱ्यावरचा खाली. थरथरीने नट सुटला म्हणावं, तर कडेला पान्ह्याचे ताजे ओरखडे कशाने उठले?

टेबल किती सरकतं ते मोजायला तिने डायल लावला. मोटर पुढे नेली, मग मागे. स्क्रू फिरला, पण टेबल क्षणभर जागचं हललंच नाही. मग हललं. हाच तो प्ले, मधला ढिलेपणा. याच्यामुळे गोल खाचा गोल येत नव्हत्या. दिशा बदलते तिथे बारीकशी पायरी उठत होती. थोडा प्ले असला तर कॉम्प्युटरला सांगून भरून काढता येतो, हे तिच्या नवऱ्याने, विठ्ठलनेच तिला शिकवलं होतं. पण रोज वेगळा निघणारा प्ले कसा भरून काढायचा? ठाण्याच्या कंपनीने दोनदा माल परत पाठवला होता. पुन्हा परत आला तर काम बंद, असं तिथल्या साहेबाने तोंडावर सांगितलं होतं.

काल दुपारी ती कटर आणायला कल्याणला गेली होती. तेवढ्यात कुणीतरी मशीनला हात लावला होता. आणि मागच्या दाराची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती.

तो माणूस दारात उभा राहिला. मधु, तिचा दीर. माल ठाण्याला पोचवायचं काम त्याचं.

"वहिनी, खोके तयार आहेत ना?"

"भावजी, काल दुपारी इकडे आला होतात?"

"काल? नाय. का?"

"कुणीतरी नट ढिला केलाय. मुद्दाम."

मधुने चप्पल काढता काढता परत पायात सरकवली. "आणि तुम्ही मला विचारताय?"

"हे धूड विकून टाका, दादाच्याने आता मशीन चालवणं होणार नाही, असं कोण म्हणत होतं?"

"मी म्हणालो. तुमच्यासमोर म्हणालो, दादासमोर म्हणालो. मागच्या दाराने येऊन पान्हा फिरवायची जात नाय माझी." त्याचा आवाज चढला. "काल पोरीला ताप होता. सगळी दुपार शहाडला दवाखान्यात बसलेलो. जाऊन विचारा आमच्या हिला."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना मधु नेहमी हसायचा.

आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी विठ्ठल खुर्चीत बसला होता. पक्षाघाताचा झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर पडलेला, डाव्या हातात चहाचा कप. मशीनचा आवाज जरा बदलला तरी आतून हाक मारणारा माणूस. नट ढिला झाला म्हटल्यावर तो काही बोललाच नव्हता. कसला नट, किती ढिला, काही नाही. चहाकडे बघत होता.

सगुणा त्याच्याजवळ गेली. डाव्या हाताची दोन बोटं सांध्यावर सोलवटली होती. नखांत ग्रीस होतं.

"अहो," ती म्हणाली. "तुम्ही?"

विठ्ठलने कप खाली ठेवला. झटक्यानंतर त्याची जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून यायचे.

"माल परत आला, की तू... माझ्याजवळ येऊन बसतेस. विचारतेस, असं का झालं, आता काय करू." तो थांबला. "चांगला गेला, की विचारतेस... जेवलात का."

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. किक मारल्याचा आवाज येत राहिला.

सगुणाच्या तोंडाशी खूप काही आलं. परत आलेले खोके, साहेबाचा तो चढा आवाज, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून केलेलं काम. हा माणूस सगळं समोर बसून बघत होता. तिने वळून मशीनवरचा पान्हा उचलला.

"चुकले मी, भावजी," मधुकडे न बघता ती म्हणाली.

मधुने मान हलवली. दादाकडे बघवत नव्हतं त्याला. तो मोकळ्या खोक्यांकडे बघत राहिला.

"मग... माल कधी नेऊ?" त्याने विचारलं. "साहेब वाट बघणार."

सगुणा पान्हा घेऊन स्क्रूपाशी वाकली होती. ती तशीच थांबली. मग सरळ झाली. वळून तिने पान्हा विठ्ठलपुढे केला.

"ह्यांना विचारा," ती म्हणाली.